एसीच्या खोलीत परत परत येणारी बुरशी: लपलेली हवागळती शोधणं आणि बुजवणं

तक्रार साधारण अशी असते. एसीच्या जाळीभोवती काळे ठिपके येतात. पुसून, बुरशीनाशक लावून, वरून रंग मारला की काही काळ बरं दिसतं आणि दमट दिवस सुरू झाले की त्याच जागी ठिपके पुन्हा उमटतात. कुठे छताच्या कोपऱ्यात पट्टा काळवंडतो, कुठे फॉल्स सीलिंगमधल्या दिव्यातून थेंब पडतो, कुठे स्विचबोर्डाच्या आजूबाजूची भिंत हाताला ओलसर लागते. वॉटरप्रूफिंग करून झालेलं असतं, नळ तपासलेले असतात, एसीची सर्व्हिसिंगही झालेली असते. तरी खोली थंड असूनही अंग चिकट वाटतं आणि कपाट उघडलं की कुबट वास येतो.

अशा घरात बऱ्याचदा हे पाणी बाहेरच्या हवेतून आलेलं असतं. हवा जिथून शिरते ते भोक आणि डाग जिथे दिसतो ती जागा यांत कधी कधी अख्ख्या खोलीचं अंतर असतं, म्हणून डागावर केलेला इलाज टिकत नाही. आधी हवा कोण ओढतंय ते पाहा, मग ती कुठून येते ते शोधा, आणि सीलंटची नळी सगळ्यात शेवटी हातात घ्या. बहुतेक लोक उलट करतात: पहिल्याच दिवशी खिडक्यांच्या कडा सिलिकॉनने भरून टाकतात आणि पुढच्या दमट मोसमात ठिपके परत आले की हताश होतात.

पाणी हवेतलंच आहे ना?

डाग कधी वाढतो ते लिहून ठेवा. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी वाढत असेल तर भिंत किंवा गच्ची झिरपते आहे. हवामान कसंही असो, रोज सारखाच ओला असेल तर पाइप पाहा. पाऊस नाही, पण हवा दमट आहे आणि एसी तासन् तास चालला, अशा दिवशी वाढत असेल तर संशय हवेवर घ्या. भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी खारट पूड येऊन प्लास्टरचे पोपडे निघत असतील, तर विटांतून पाणीच वाहतंय. नुसत्या हवेतल्या बाष्पाने लोणा येत नाही. उलट जाळी, दिवा, बोर्ड किंवा पाइपच्या भोकाभोवती काळ्या ठिपक्यांचं वलय असेल तर तिथे गार पृष्ठभागाला दमट हवा भेटते आहे.

शंका राहिलीच तर हातभर चौकोनी अ‍ॅल्युमिनियम फॉइल भिंतीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. फॉइलच्या मागे पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमलं तर खोलीतल्याच हवेचं दव आहे. दोन्ही बाजू कोरड्या आणि शेजारचा बोर्ड किंवा दिवा मात्र ओला, असं दिसलं तर हवा आतल्या पोकळीतून येते आहे. सगळ्यात फसवा प्रकार हाच.

गळतीसारख्याच दिसणाऱ्या दोन गोष्टी आधी बाजूला काढा. एसीचा ड्रेन तुंबला की ट्रे भरून पाणी सांडतं. आणि छताच्या पोकळीतल्या तांब्याच्या पाइपवरचं इन्सुलेशन फाटलेलं किंवा सांध्याला उघडं असलं, तर त्या गार पाइपवर दव धरून ते खाली टपकतं. ही दोन्ही कामं तासाभराची आहेत आणि ती न करता हवागळतीच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

टक्के पाहू नका, दवबिंदू पाहा

आर्द्रता आणि तापमान दाखवणारे दोन साधे मीटर घ्या, एक आत ठेवा, एक बाहेर सावलीत. बाहेर 95 टक्के, आत 60 टक्के, असे आकडे नुसते वाचून काही कळत नाही, कारण टक्के तापमानाबरोबर बदलतात. हवेत प्रत्यक्ष किती पाणी आहे ते दवबिंदू सांगतो, म्हणजे ज्या तापमानाला हवा गार झाली की तिच्यातलं पाणी दव होऊन सुटायला लागतं ते तापमान. आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर असेल तर ढोबळ हिशेब सोपा आहे: 100 मधून आर्द्रतेचे टक्के वजा करा, त्याला 5 ने भागा, जे येईल ते तापमानातून वजा करा. बाहेर 32 अंश आणि 75 टक्के असेल तर दवबिंदू 27 अंश. आत 25 अंश आणि 55 टक्के असेल तर 16 अंशांच्या आसपास.

या दोन आकड्यांत सगळा प्रश्न आला. बाहेरच्या हवेचा दवबिंदू 27 अंश आहे आणि खोलीतला प्रत्येक पृष्ठभाग 25 अंशांचा आहे. म्हणजे बाहेरची हवा न मिसळता, थेट एखाद्या फटीतून येऊन फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला, बोर्डाच्या डबीला किंवा एसीच्या जाळीला टेकली की तिथे पाणी सुटणारच. जाळीतून बाहेर पडणारी हवा तर 12 ते 14 अंशांची असते. बुरशीला थेंबांचीही गरज नसते. पृष्ठभागालगतची आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरतं. एसी 20 अंशांवर लावून झोपणाऱ्यांच्या घरात बुरशी जास्त का येते, तेही यावरून लक्षात येईल. गळती सापडेपर्यंत एसी 25–26 वर ठेवा. तेवढ्यानेही फरक दिसतो.

आता प्रमाणाचा हिशेब, कारण लहानशा फटीने काय बिघडणार, असं प्रत्येकाला वाटतं. 2 मिलिमीटर रुंद आणि 5 मीटर लांब फट म्हणजे 100 चौरस सेंटिमीटरचं भोक. दरवाजाची चौकट, पाइपची दोन भोकं आणि सीलिंगची एक कड मिळून एवढी जागा सहज होते. आत-बाहेर 4 पास्कल एवढाच दाबाचा फरक असला, तरी तेवढ्या भोकातून तासाला सुमारे 50 घनमीटर हवा येते. वर सांगितलेल्या हवामानात अशा प्रत्येक घनमीटरबरोबर खोलीतल्या हवेपेक्षा 13-14 ग्रॅम जास्त पाणी आत येतं. दिवसाचे झाले जवळपास 16 लिटर. हे पाणी हवेतून काढायला एसीला जी ताकद लागते, ती त्याच हवेला 32 वरून 25 अंशांवर आणायला लागणाऱ्या ताकदीच्या चौपट असते. म्हणूनच अशा घरात एसी खोली गार करतो, पण कोरडी करू शकत नाही.

आणि म्हणूनच रात्री ‘गार’ वाटतं म्हणून खिडक्या उघडू नका. रात्री 26 अंश आणि 95 टक्के असेल तर दवबिंदू 25 अंश आहे. गाद्या, पडदे, लाकूड, प्लास्टर रात्रभर ते पाणी पितात आणि सकाळी एसी लावल्यावर ते पुन्हा हवेत येतं.

हवा कोण ओढतंय?

भोक असलं म्हणून हवा आपोआप वाहत नाही. दाबाचा फरक लागतो. वारा हे एक कारण. गार घरातली जड हवा खालून निसटते आणि तिच्या जागी वरून गरम हवा शिरते, हे दुसरं. पण हे दुसरं कारण एकमजली घरात फार दुबळं असतं: 3 मीटर उंची आणि 8 अंशांच्या फरकाला जेमतेम 1 पास्कल. वरून येणारी हवा मात्र थेट गार छताला भेटते, म्हणून प्रमाण कमी असलं तरी डाग वरच उमटतात.

खरा जोर यंत्रांचा असतो. स्वयंपाकघरातली चिमणी तासाला शेकडो घनमीटर हवा बाहेर फेकते. तेवढीच हवा कुठूनतरी आत यायलाच हवी आणि खिडक्या बंद असतील तर ती कन्ड्युटमधून (वायरींच्या नळ्यांतून), सीलिंगच्या पोकळीतून, पाइपच्या शाफ्टमधून येते. बाथरूमचा एक्झॉस्ट दिवसभर चालू ठेवायची सवय असेल तर तोच पंखा बेडरूमच्या भिंतीत दमट हवा ओढून आणतो. अंघोळीनंतर तो चालवायलाच हवा, पण बाथरूम सुकल्यावर बंद करा.

डक्टवाला एसी, म्हणजे मोठ्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत गार हवा पोचवणारा, असेल तर मामला अजून गंभीर होतो. डक्ट माळ्यावरून किंवा छतावरच्या पोकळीतून जात असेल आणि त्याचे सांधे सुटले असतील, तर गार हवा बाहेरच सांडते, घरात दाब कमी होतो आणि घर प्रत्येक भेगेतून बाहेरची हवा ओढत राहतं. परतीच्या बाजूचा, म्हणजे खोलीतली हवा एसीकडे परत नेणाऱ्या डक्टचा, सांधा सुटला असेल तर एसी माळ्यावरची तापलेली दमट हवा थेट ओढतो. काही ठिकाणी परतीच्या हवेसाठी वेगळा डक्टच नसतो, फॉल्स सीलिंगवरची मोकळी जागाच वापरलेली असते. ती जागा बाहेरच्या भिंतीच्या, बीमच्या, शाफ्टच्या प्रत्येक भोकाशी जोडलेली असते. माझं ठाम मत आहे की दमट हवामानात हे कधीच करू नये. झालं असेल तर परतीचा डक्ट वेगळा टाकून घेणं हाच उपाय. बाकी सगळी मलमपट्टी.

बेडरूमचं दार बंद केल्यावर परतीची हवा अडते का, तेही पाहा. दार बंद केलं की खोलीत दाब वाढतो आणि उरलेल्या घरात घटतो. दाराखाली पुरेशी फट किंवा दारावर जाळी हवी. ही फट बुजवायची नसते.

ओढणारा कोण ते घरच्या घरी असं कळतं. सगळ्या खिडक्या-दारं लावा, पंखे बंद करा, बाहेरचं दार बोटभर उघडून फटीशी अगरबत्तीचा धूर धरा. मग एकेक यंत्र लावत जा: आधी एसीचा ब्लोअर, मग बाथरूमचा पंखा, मग चिमणी. ज्याच्यामुळे धूर जोरात आत वळेल तो तुमचा मुख्य आरोपी. सगळी यंत्रं चालू असतानाच धूर घेऊन घरभर फिरा. एरवी न सापडणारी भोकंही तेव्हा बोलायला लागतात. पडद्यांपासून जपा.

कुठे कुठे शोधायचं

सगळ्यात आधी एसीच्या आतल्या युनिटमागे. तांब्याचे पाइप, वायर आणि ड्रेन ज्या भोकातून बाहेर जातात ते भोक पाइपांपेक्षा बरंच मोठं पाडतात आणि बाहेरून फक्त एक प्लास्टिकचं झाकण किंवा थोडी पुट्टी लावतात. पुट्टी वर्षभरात सुकून गळते. युनिट थोडं पुढे ओढून मागे टॉर्च मारा. भिंत काळी दिसली तर बाकी शोध थांबवा आणि हे भोक आधी बुजवा.

मग कन्ड्युट. विजेच्या वायरी ज्या नळ्यांतून जातात त्या पुष्कळदा गच्चीपासून, मीटरच्या खोलीपासून किंवा बाहेरच्या दिव्यापासून थेट बेडरूमच्या बोर्डापर्यंत सलग असतात. गच्चीवर तापलेली दमट हवा त्या नळीतून उतरते आणि गार भिंतीतल्या डबीत दव धरते. बोर्डाच्या कडेला धुळीची काळी रेघ असेल तर तिथून हवा येते असं समजा. फट जणू गाळणीचं काम करते आणि धूळ कडेला अडकते. हे केवळ बुरशीचं प्रकरण नाही. विजेच्या डबीत पाणी म्हणजे धोका, तेव्हा हे काम पुढे ढकलू नका. मेन स्विच बंद करून, इलेक्ट्रिशियनकडून नळीच्या तोंडाशी न सुकणारी डक्ट सील पुट्टी भरून घ्या. शक्यतो गच्चीकडचं किंवा बाहेरचं तोंड भरा, म्हणजे दमट हवा नळीत शिरतच नाही. डबीत फोम मात्र मारायचा नाही.

फॉल्स सीलिंगवर डोकं घालून बघणं कंटाळवाणं आहे, पण तिथे बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच. सीलिंगच्या वर भिंतीला प्लास्टर केलेलं नसतं, कारण ते दिसत नाही. विटांच्या सांध्यातल्या भेगा, बीमखालची फट, शाफ्टमध्ये जाणाऱ्या पाइपांभोवतीची भगदाडं तशीच उघडी असतात. खाली सुंदर सीलिंग आणि वर बाहेरची हवा. त्यात बसवलेला प्रत्येक दिवा म्हणजे एक भोक. दिवे सील करत बसण्यापेक्षा वरच्या भिंतीची भगदाडं बुजवणं कितीतरी फायद्याचं असतं. उताराचं पत्र्याचं किंवा कौलारू छत असेल तर माळ्याचं झाकण आणि भिंत-छताचा सांधा पाहा. झाकणाला रबरी पट्टी आणि घट्ट बसणारी कडी लावा.

सिंकखालची पाइपची भोकं, एक्झॉस्टची उघडीच राहिलेली झडप, चिमणीच्या नळीतलं अडकलेलं झाकण हे पटकन तपासून होतं. कमी वापराच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅप सुकलेला असतो; त्यातलं पाणी आटलं की गटाराची हवा आत येते. वासावरून कळतं. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. डक्टवाल्या एसीच्या ड्रेनला ट्रॅप नसेल तर तिथूनही हवा ओढली जाते.

खिडक्यांवर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, म्हणून त्या मी शेवटी ठेवल्या. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट नुसत्या प्लास्टरने झाकलेली असते, तिथे सीलंट हवंच. सरकत्या खिडकीच्या ब्रश-पट्ट्या झिजल्या असतील तर बदला. पण खालच्या रुळात बाहेरच्या बाजूला जी बारीक भोकं असतात ती पावसाचं पाणी जाण्यासाठी असतात. ती बुजवलीत तर नवीन गळती तुम्हीच तयार कराल.

बुजवण्याआधी: गॅस

घरात गॅस गीझर किंवा ज्योत पेटणारं कुठलंही उपकरण असेल तर आधी हे वाचा. घर घट्ट केल्यावर एक्झॉस्ट पंखे हवा ओढायला दुसरी वाट शोधतात आणि गीझरच्या धुराड्यातून जळलेला वायू उलटा खोलीत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. खिडक्या-दारं बंद, सगळे पंखे चालू, अशा स्थितीत गीझर पेटवा, धुराडं गरम होऊ द्या आणि त्याच्या तोंडाशी धूर धरा. धूर वर ओढला न जाता खोलीकडे आला तर लगेच गीझर बंद करून खिडक्या उघडा आणि काम तिथेच थांबवा. गीझर घराबाहेर हलवा किंवा बाहेरूनच हवा घेणारा आणि बाहेरच सोडणारा बसवा. धुराडं नसलेला गीझर बंद बाथरूममध्ये असताच कामा नये. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कसाही लावाच.

कशाने बुजवायचं

फट 5-6 मिलिमीटरपर्यंत असेल तर सीलंट पुरतं: रंगवायच्या जागी अ‍ॅक्रिलिक, पाण्याच्या जागी सिलिकॉन. त्याहून रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवा आणि वरून सीलंट भरा. दोरीमुळे सीलंट फक्त दोन्ही काठांना चिकटतं आणि भिंत हलली तरी ताणलं जातं. तळालाही चिकटलं तर लवकर फाटतं. जागा कोरडी आणि धूळमुक्त हवी. ओल्या, बुरशी आलेल्या प्लास्टरवर मारलेलं सीलंट सालीसारखं निघून येतं.

मोठ्या भोकांना पॉलियुरेथेन फोम. चौकटीभोवती कमी फुगणाराच वापरा, नाहीतर चौकट वाकून खिडकी अडकते. उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो, म्हणून बाहेरच्या बाजूने झाकून टाका. तो पेट घेतो. गरम धुराडं किंवा तापणाऱ्या दिव्यांजवळ पत्रा आणि आगरोधक सीलंटच वापरा.

डक्टच्या सांध्यांना ब्रशने लावायचं मॅस्टिक, म्हणजे लेपासारखं घट्ट सीलंट, सर्वांत टिकाऊ, फट 3-4 मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर खाली जाळीची पट्टी. कापडी डक्ट टेप इथे नको. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी 1998 मध्ये वेगवेगळे टेप डक्टवर तपासले, तेव्हा कापडी डक्ट टेपच पुन्हा पुन्हा निकामी ठरला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: बाहेरच्या भिंतीला आतून विनाइलचा वॉलपेपर किंवा प्लास्टिकचा थर लावू नका. थंड हवामानात बाष्परोधक आतल्या बाजूला लावतात, ते तिथे बरोबर आहे. दमट उष्ण हवामानात बाष्प बाहेरून आत येतं आणि एसीने गार झालेल्या त्या थरामागे अडकून पाणी होतं. डाग झाकला जातो आणि मागे भिंत कुजत राहते. आतला रंग बाष्प जाऊ देणारा असू द्या.

बुजवल्यानंतर

ताजी हवा लागतेच. अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या 62.2 या मानकाप्रमाणे 100 चौरस मीटरच्या, तीन बेडरूमच्या घराला सेकंदाला 29 लिटरच्या आसपास हवा हवी. म्हणजे वर हिशेब केलेल्या फटीतून येणाऱ्या हवेच्या दुप्पट! पण ही हवा ठरलेल्या वाटेने, फिल्टरमधून आणि गार कॉइलवरून किंवा डीह्युमिडिफायरमधून (हवेतलं पाणी काढणाऱ्या यंत्रातून) आत घेता येते. भिंतीतून आलेली हवा वाटेतच पाणी सोडते.

घर घट्ट झाल्यावर एसी कमी चालतो आणि त्यामुळे आतली आर्द्रता कधी कधी उलट वाढते, कारण माणसांचा श्वास, अंघोळ आणि स्वयंपाक यांतून पाणी येतच असतं. अशा वेळी काम फसलं असं समजू नका. एसीचा पंखा ‘ऑटो’वर ठेवा; कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी परत खोलीत येतं. खोलीच्या मानाने एसी फार मोठा असेल तर तो भरकन गार करून बंद पडतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. तिथे लहान एसी किंवा वेगळा डीह्युमिडिफायर हवा.

दमट दिवसांत दोन-तीन आठवडे आतला दवबिंदू लिहीत जा. तो 16-17 अंशांपर्यंत येऊन टिकला तर आता डाग साफ करून रंग द्या, त्याआधी नको. एसी नीट चालत असूनही तो 20 च्या वरच राहिला, तर अजून मोठं भोक सापडायचं आहे. तेव्हा ब्लोअर डोअरची चाचणी करून घ्या: दारात पंखा बसवून घरात 50 पास्कलचा फरक निर्माण करतात आणि गळती मोजतात. ती चालू असताना थर्मल कॅमेरा फिरवायला सांगा, आणि सीलिंगचा एक तरी पत्रा आधीच काढून ठेवा.